पत्रा वाजल्याशिवाय

आमच्या भाऊजींची मान हा घरातला जुना विनोद आहे. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. ते शाळेची बस चालवतात. दिवसभर आरसे बघून माणूस संध्याकाळी घरी येतो, पण मान मागेच राहते, असं आमचे हे म्हणतात. नुसता पाण्याचा पेला घ्यायचा असला तरी भाऊजींची मान आधी डावीकडे, मग उजवीकडे, मग परत डावीकडे जाते. पाहुणे बघत राहतात. मग हे सांगतात, "काही नाही हो, चौक ओलांडतोय."

भाऊजी मालट्रकवर गाडी पुसायला लागले, तिथून चालवायला शिकले आणि लग्न झाल्यावर धाकटीने, म्हणजे माझ्या जावेने, रात्री घरी झोपणारा नवरा हवा म्हणून हट्ट धरला, तेव्हा शाळेच्या बसवर आले. कामाचा अभिमान असा की विचारू नका. बसच्या काचेवर बोटाचा ठसा दिसला तर खाली उतरून पुसतील. हॉर्न वाजवणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. "हॉर्न म्हणजे कबुलीजबाब असतो, वहिनी. आपल्याला आधी दिसलं नाही, एवढाच त्याचा अर्थ." गेल्या वर्षभरात मात्र बस आमच्या वळणावर आली की हॉर्न ऐकू यायला लागला होता. मी एकदा चिडवलं, तर म्हणाले, "रस्त्यावरची माणसं बहिरी झालीत."

नजरेचं म्हणाल तर डोळ्यांच्या तपासणीत सगळ्यात खालची ओळ वाचून वर विचारणार, "तक्त्याच्या कोपऱ्यात छापखान्याचं नाव आहे, तेही वाचू का?" धाकटीला सुईत दोरा तेच ओवून देतात.

मुलांसाठी त्यांनी बसमध्ये एक नियम केला होता. उतरलेल्या मुलाने बाजूला होऊन बसच्या पत्र्यावर दोनदा हात आपटायचा. पत्रा वाजल्याशिवाय गाडी हलणार नाही. मुलांना काय, तेवढंच हवं. काही तर असा पत्रा बडवायची की गल्लीतली कुत्री उठून बसायची. आम्हाला वाटायचं, भाऊजींना मुलांचं वेड, म्हणून हे लाड.

तसाच एक नियम त्यांनी आमच्या रविवारच्या खेळातही आणला होता.

रविवारी जेवणं झाली की आमच्या बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर चौघं बसतात. हे, भाऊजी, माझी मुलगी आणि भाऊजींचा मित्र. मुलगी एका जागी ठरत नाही म्हणून तिला सगळे खार म्हणतात. मित्राचं गॅरेज आहे आणि त्याच्या खिशात कायम एखादा पाना असतो, म्हणून तो पाना. मी आणि धाकटी मागे खुर्च्यांवर बसतो. माझ्या मांडीवर काहीतरी शिवणटिपण असतंच.

खेळ उड्या मारायचा. पडद्यावर चार रंगांचे चार बुटके एकाच वेळी धावतात, फळीवरून फळीवर उड्या मारतात, मध्ये खड्डे, काटे, आग. जो पडला त्याचा फुगा होतो आणि तो फुगा तरंगत परत येतो. जिवंत असलेल्या कुणीतरी उडी मारून तो फोडायचा, की आतला बुटका पुन्हा खेळात. सगळ्यांचेच फुगे झाले तर मुकाट्याने पहिल्यापासून सुरुवात. हे खेळताना स्वतःच सोफ्यावर उड्या मारतात, त्यामुळे यांच्याशेजारी चहा ठेवायची सोय नाही.

भाऊजींचा नियम असा की फुगा झालेल्याने गप्प बसायचं नाही. "फोडा, फोडा! वर आहे!" किंवा "मागे आहे!" असं ओरडायचं. न ओरडणाऱ्याला चहा मिळणार नाही. शेजाऱ्यांना वाटत असेल, या घरात दर रविवारी मारामाऱ्या होतात.

त्या रविवारी खार ओरडली नाही.

ती दोन-चार दिवस काकांवर फुगलेलीच होती. तिचा पिवळा बुटका खड्ड्यात पडला, फुगा होऊन वर आला आणि भाऊजींच्या निळ्या बुटक्याच्या मागे मागे तरंगायला लागला. पाना आणि हे आधीच पडले होते आणि दोघांचे फुगे पार वरच्या कोपऱ्यात अडकले होते.

"भाऊजी, फोडा ना तिचा," मी म्हणाले.

"ती कुठे आहे पण? ए खारे, ओरड की!"

खार ओठ घट्ट मिटून बसली.

"अरे, तुझ्या डोक्यावर बसलाय फुगा, आंधळ्या!" पाना हसत म्हणाला.

भाऊजींची मान डावीकडे गेली, उजवीकडे गेली. तेवढ्यात निळा बुटका काट्यांवर गेला. सगळ्यांचे फुगे. खेळ पहिल्यापासून.

"आपलपोटा आहेस तू," हे म्हणाले. "स्वतःपुरतं पळायचं."

"तिने नियम मोडला, दादा. ओरडली का नाही?"

आणि मग खार फुटली. "मी नाही ओरडले तर तुम्हाला मी दिसतच नाही का? इथेही तसंच आणि बसपाशीही तसंच! बुधवारी मी पत्रा वाजवला नव्हता, तरी तुम्ही बस सोडली. मी चाकाजवळ बुटाची नाडी बांधत होते."

टीव्हीवर खेळाचं उड्या मारणारं संगीत चालूच होतं.

माझ्या हातातली सुई थांबली. बुधवारी संध्याकाळी खारीच्या दप्तराचा बंद उसवून आला होता. कापडही घासलं होतं आणि त्या घासलेल्या जागी पिवळा रंग बसला होता. मी साबणाने चोळला, निघाला नाही. शाळेत कुणीतरी ओढाताण केली असेल असं समजून मी बंद शिवून टाकला आणि वर तिलाच दोन शब्द सुनावले. पिवळा रंग कशाचा, हा प्रश्न मला पडला नव्हता. आता पडला.

"काहीतरी बोलते," भाऊजी म्हणाले. "आरशात कुणी नव्हतं. मी थांबलो होतो, नीट बघितलं, मग निघालो. मदतनीस बाई आधीच्या थांब्याला उतरतात, आपला थांबा शेवटचा, म्हणून मी तिथे जास्तच बघतो."

ते खोटं बोलत नव्हते. तीच तर भीती होती. मी आठवत गेले. उघड्या कपाटाचं दार त्यांच्या कपाळाला लागलं होतं. डाव्या हाताशी ठेवलेला पेला दर वेळी तेच सांडतात आणि आम्ही त्याला धांदरटपणा म्हणतो. हॉर्न. ती मान. पत्रा वाजवा. ओरडा. जो दिसत नाही त्याने आवाज करायचा.

मी यांच्या हातातून खेळाचा रिमोट घेतला. मी कधीच खेळत नाही, त्यामुळे हे बघतच राहिले.

"भाऊजी, एक पैज लावू. मान अजिबात न हलवता खेळायचं. बघू, ड्रायव्हरची मानेची सवय सुटते का. आणि कुणी तोंडातून अवाक्षर काढायचं नाही."

पैज म्हटल्यावर भाऊजी कधी मागे हटत नाहीत. ते हसले, पण ओठांनीच. "लागली."

सुरुवातीला बरं चाललं. मग मी मुद्दाम खड्ड्यात पडले. मी खारीकडे बघितलं, तीही पडली. पाना हुशार, त्यालाही काय ते कळलं. आमचे तीन फुगे निळ्या बुटक्याभोवती तरंगत राहिले, एक वर, एक मागे, एक पायांशी. नुसती एक उडी मारली असती तरी फुटले असते. निळा बुटका समोर बघत चालत राहिला.

"गेले कुठे सगळे?" भाऊजी गमतीत म्हणाले.

कुणी बोललं नाही.

"अरे, पैज काय एकट्याने खेळायची आहे? फुगे आलेच नाहीत अजून."

तिन्ही फुगे पडद्यावर होते. धाकटीने माझा दंड धरला, तिची नखं मला टोचत होती. भाऊजींचा डावा हात रिमोटवरून निघाला आणि सोफ्यावर चाचपडत शेजारी गेला.

"पाना, आहेस ना?"

"आहे रे, इथेच आहे," पाना म्हणाला. त्याचा आवाज मला ओळखू आला नाही.

भाऊजींनी मान वळवली. आधी पाना दिसला असेल, मग पडदा, मग तिन्ही फुगे. त्यांनी रिमोट खाली ठेवला, इतका हळू, जणू काच आहे.

"दोन वेळा तुझ्या बसचा पत्रा ठोकून दिला मी," पाना म्हणाला. "दर वेळी डावी बाजू. तू म्हणालास फाटकाचा खांब, मी मानलं. मला विचारायला हवं होतं."

"खांबच होता."

"असेल. पण तो खांब आजचा नाही, वर्षानुवर्षं तिथेच उभा आहे."

मग धाकटी बोलली, घाईघाईने, दार लावून घ्यावं तशी. "हे बघा, घरातली गोष्ट घरात राहू दे. उद्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊ. चष्मा लागला असेल. सकाळची फेरी करून येतील, मग लगेच जाऊ."

"एका फेरीने काय होतंय," हे म्हणाले. बिचारे भावाच्या बाजूने बोलत होते. "सकाळी मुलं चढतात, उतरत नाहीत. शाळेत उतरवायला बाई असतात."

सकाळची फेरी. बस भरून मुलं असतात. आमच्या खारीसारखीच नाडी बांधणारी, चेंडूमागे पळणारी, रुसून पत्रा न वाजवणारी. धाकटीचा संसार त्या बसवर चालतो, हे मला दिसत नव्हतं असं नाही. ती माझ्याकडे अशी बघत होती की मी काही बोलले तर आमच्यात आता जे आहे ते पुन्हा राहणार नाही.

मी आत गेले, खारीचं दप्तर आणलं आणि भाऊजींच्या मांडीवर ठेवलं.

त्यांनी दप्तर उलटंपालटं केलं. माझे टाके बोटाने चाचपले. मग ते घासलेलं कापड डोळ्यांपाशी नेलं. जवळचं तर त्यांना सगळं दिसतं, सुईचं नेढंही दिसतं. बसचा पिवळा रंग त्यांच्याइतका कोण ओळखणार? दर सुट्टीत ते स्वतः डबा घेऊन पोपडे रंगवतात.

"दप्तर पाठीवर होतं?" त्यांनी विचारलं.

खारीने मान हलवली. मग तिच्या लक्षात आलं आणि ती मोठ्याने म्हणाली, "हो. मी वाकले होते. बस दप्तराला घासून गेली. मी भिंतीला चिकटले."

"मला का नाही सांगितलंस?"

"सकाळी तुम्ही ओरडला होतात म्हणून मी पत्रा वाजवला नाही. सांगितलं असतं तर अजून ओरडला असता."

भाऊजींनी दप्तर दोन्ही हातांनी पोटाशी धरलं, तान्ह्या मुलाला धरतात तसं. मी त्यांना मालट्रकच्या अपघातातून चालत घरी आलेलं बघितलंय. तेव्हाही ते असे दिसले नव्हते.

"मला वाटायचं, थकवा आहे," ते म्हणाले. "मुलं एकदम समोर उगवायची. नव्हती आणि आली. मी म्हटलं, पत्रा वाजवा. म्हटलं, आवाज आला की झालं."

शर्टाच्या खिशातून त्यांनी बसची किल्ली काढली आणि पानाच्या हातात दिली. "मोठ्या गाडीचं लायसन्स आहे ना तुझ्याकडे. उद्या तू ने."

"अहो," धाकटी म्हणाली. एवढंच म्हणाली.

बसच्या मालकांना त्यांनी आमच्यासमोरच फोन लावला. "डोळ्यांचं आहे, साहेब. नाही, सकाळचीही नाही. मी नाही चालवणार." पलीकडून बरंच काही बोललं जात होतं. भाऊजी फक्त "हो" म्हणत राहिले. धाकटी उठून स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी हे आणि मी त्यांच्याबरोबर गेलो. तिथे एका यंत्रात डोकं ठेवायला लावतात, हातात एक बटण देतात. समोर बारीक दिवे लागतात, दिसला की बटण दाबायचं. मी दाराशी बसले होते. बटणाचा आवाज एकदा आला. मग इतका वेळ आला नाही की मला वाटलं, तपासणी संपली. तपासणी चालू होती.

काचबिंदू, डॉक्टरीण बाई म्हणाल्या. दोन्ही डोळ्यांत, डाव्यात जास्त. समोरचं शेवटपर्यंत स्वच्छ दिसतं, म्हणून तक्ता वाचणाऱ्याला कळत नाही. नजरेच्या कडा गेल्या त्या गेल्या. उरलंय ते थेंब घालून सांभाळायचं, सांभाळता आलं तर. बसचं विचारायचं कारणच उरलं नाही.

"हाही खेळ हरलो, वहिनी," बाहेर आल्यावर भाऊजी म्हणाले. मी हसायचा प्रयत्न केला.

दुपारी ते हट्टाने माझ्याबरोबर थांब्यावर आले. बस आली. पाना गाडी नुकतीच शिकल्यासारखा ताठ बसला होता. रस्त्यापलीकडे खार उतरली, बाजूला झाली आणि पत्रा दोनदा वाजवला. पानाला त्याची गरज नव्हती, पण तो पत्रा वाजेपर्यंत थांबला. बस गेली.

आता तिला आणायला आम्हाला रस्ता ओलांडायचा होता. भाऊजी कडेला उभे राहिले. मान डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे. पाय उचलला आणि परत ठेवला.

"वहिनी, डावीकडे कुणी नाही ना?"

मी नीट बघितलं. "कुणी नाही."

ते हलले नाहीत. आयुष्यभर रस्त्यावर पोट भरलेला माणूस एका रिकाम्या रस्त्याच्या कडेला उभा होता आणि त्याच्या कपाळावर घाम फुटला होता. मीही पुन्हा डावीकडे बघितलं, उगाचच, आणि मलाही वाटायला लागलं की तिथे काहीतरी आहे जे मला दिसत नाही.

"काका!" पलीकडून खार ओरडली. "इथे आहे मी! समोर!"

त्या आवाजाच्या दिशेने भाऊजींनी पाय खाली टाकला. मी त्यांची बाही धरली होती, पलीकडे जाईपर्यंत ती सोडली नाही.