मॅटखालची प्लेट

पायाच्या प्रयोगशाळेबद्दल कोणी विचारलं की मी तिथल्या कॅमेऱ्यांचं वर्णन करून विषय संपवत असे. वहिनींच्या बोटापर्यंत गोष्ट येऊच द्यायची नाही, हे मी बरीच वर्षं जमवलं. आता वय झालं. माझ्यामागे ही गोष्ट चुकीचीच सांगितली जाऊ नये, म्हणून लिहितो.

मी दारव्ह्याला शाळेत कवायत शिकवायचो. रिटायर झालो आणि घर खायला उठलं. त्याच सुमारास विद्यापीठाने लोहाऱ्याकडच्या एका शेडमध्ये प्रयोगशाळा उघडली. माणूस चालतो तेव्हा पाऊल आणि घोटा कसा काम करतो, कुठे किती भार येतो, हे तिथे मोजत. शुगरमुळे ज्यांचे तळवे बधिर झालेत, अशा शेतात राबणाऱ्या माणसांसाठी त्या मापावरून चपलांचे तळ बनवायचे होते. बधिर पायाला दुखणं कळत नाही. एकाच जागी रोज दाब पडत राहिला की कातडी फाटते आणि माणूस तसाच चालत राहतो. आमच्या भागातली अशी माणसं जीपमधून तिथे न्यायचं काम मी अंगावर घेतलं.

पहिल्या दिवशी त्यांनी मलाच चालवून पाहिलं. तिथल्या इंजिनिअरने माझ्या घोट्याभोवती चमकणारे मणी चिकटवले. लांब करड्या मॅटवरून मी चाललो, आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर माझं पाऊल निघालं, कातडी नाही, मांस नाही, नुसती हाडं. टाच टेकली, कमान जराशी खाली बसली, भार पुढे सरकत अंगठ्याच्या मुळाशी आला आणि पाऊल उचललं. जन्मभर ‘एक-दो, एक-दो’ ओरडून मी पोरांचे पाय हलवले, पण पायाच्या आत एवढा कारभार चालतो याचा मला पत्ता नव्हता. घरी आल्यावर मी किती तरी वेळ बसल्या जागी टाच टेकवून, उचलून पाहत होतो. बायकोने विचारलं, “तब्येत ठीक हाये ना?”

पण त्या यंत्रांपेक्षा मोठी होती ती प्रयोगशाळा चालवणाऱ्या मॅडमची बसण्याची तऱ्हा. एवढी शिकलेली बाई, येणाऱ्या प्रत्येकासमोर जमिनीवर मांडी घालून बसायची, त्याचा पाय स्वतः धुवायची, पुसायची आणि मांडीवर घेऊन तळवा बोटांनी चाचपायची. आमच्या शेजारच्या वहिनी पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी पाय ओढूनच घेतला.

“अवो, सोडा! डॉक्टरीन बाई अन् माह्या पायाले हात लावते? पाप लागन मले.”

“मग मला आशीर्वाद द्या आणि पाय इथेच राहू द्या,” मॅडम म्हणाल्या.

“आशीर्वाद घ्या, पन भेगा मोजू नोका.”

मॅटच्या खाली भार मोजणारी प्लेट पुरलेली होती. ती कुठे आहे हे चालणाऱ्याला सांगायचं नाही, असं इंजिनिअरने मला बजावलं होतं. सांगितलं की माणूस पाऊल तिथे नेऊन ठेवतो, आणि मग ते त्याचं चालणं राहत नाही. पाऊल प्लेटवर नाही पडलं तर सुरुवात थोडी मागेपुढे करून पुन्हा चालायचं, एवढंच.

त्या दिवशी वहिनींचं पाऊल काही केल्या प्लेटवर पुरतं पडेना. त्या दमल्या होत्या. बाहेर जीपवाला हॉर्न वाजवत होता. मॅडम आडोशाला दुसऱ्या एकाचा पाय तपासत होत्या आणि इंजिनिअर पाणी आणायला गेला होता. रोज बसून बसून मला मॅटवरची एक बारीक शिवण ओळखीची झाली होती; प्लेट तिच्या लगेच पुढे होती. मी उठलो आणि वहिनींच्या कानाशी म्हणालो, “त्या शिवणीच्या पुढे उजवा पाय टाका. आणि असा फेंगडा नका टाकू. सरळ, नाकासमोर.”

“भाऊजी, म्हातारपनी कवायत शिकवून राह्यले का मले?” त्या म्हणाल्या. पण ऐकलं. नंतरची प्रत्येक फेरी नेमकी पडली. इंजिनिअर खूश होऊन “वा काकू!” म्हणाला आणि माझी छाती फुगली. पडद्यावर जास्त भाराचा लाल रंग टाचेखाली होता, अंगठ्याखाली कमी भाराचा थंड निळा. त्या चित्रावरून तळ बनला, टाचेखाली मऊ, अंगठ्याखाली साधा.

पण शेतात वहिनी आपल्याच चालीने चालल्या, उजवा पाय बाहेर फेकत, सगळा भार अंगठ्यावर घेत. कापूस वेचणीच्या दिवसांत सुनेला घरातल्या फरशीवर रक्ताचे ठसे दिसले. वहिनींना काही कळलंच नव्हतं. दवाखान्यात अंगठा काढावा लागला.

त्यांचा मुलगा माझा विद्यार्थी. आईला आणि मला जीपमध्ये घालून तो प्रयोगशाळेत गेला. “तुमच्या मशीननं माह्या मायचं बोट खाल्लं,” तो म्हणाला. मॅडमनी त्या दिवशीचं चित्रीकरण आमच्यासमोर लावलं. प्रत्येक फेरीत वहिनींची मान खाली, नजर मॅटवर. मी चित्रात कुठेच नव्हतो.

“यांची नजर खाली आहे,” मॅडम म्हणाल्या. “हे यांचं चालणं नाही, हे मला तेव्हाच दिसायला हवं होतं. माप माझं होतं. चूक माझी आहे.”

“चूक म्हनाले काय जाते? बोट येते का वापस?”

“नाही येत.” एवढंच बोलून त्या जमिनीवर बसल्या आणि पट्टी बांधलेला तो पाय मांडीवर घेतला.

वहिनींनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पदर सारखा केला. मी मॅटवरच्या शिवणीकडे पाहत राहिलो. परतताना जीपमध्ये मी हळूच सुरुवात केली, “वहिनी, त्या दिवशी मीच...”

“चुप बसा, भाऊजी. पोरगं समोर बसलं हाये. तुमच्या हातचा मार खाऊन मोठं झालं थे, आता उलटं होईन.”

मॅडमनी मग सगळं चित्रीकरण पुन्हा तपासलं. ज्याची नजर खाली दिसली त्याचं माप रद्द केलं, आणि त्या माणसांना परत बोलवायला स्वतः गावोगाव फिरल्या. लोकांची बोलणी खाल्ली. जखम भरल्यावर वहिनी पुन्हा आल्या. आता मॅडम मॅटच्या त्या टोकाला उभ्या राहून गप्पा मारत.

“काकू, म्हैस दूध किती देते?”

“दूध कुठचं, लाथा देते मेली!” म्हशीला शिव्या देत वहिनी चालत गेल्या, त्यांच्या स्वतःच्या चालीने. गेलेल्या अंगठ्याच्या मुळाशी पडद्यावर लाल रंग पेटला. इंजिनिअरने जुनं चित्र शेजारी लावलं, त्यात तीच जागा निळी होती. नवा तळ त्या लाल जागेभोवती कोरला गेला. तो घालून वहिनी आजही शेतात जातात, आणि तो पाय पुन्हा फाटला नाही.

पुढे एकदा मी मॅडमना खरं सांगायचं ठरवून एकटाच गेलो. त्या जमिनीवर बसून कुणाचा तरी पाय पुसत होत्या.

“बरं झालं आलात, सर. कॅमेरे नवे लावलेत. जरा चालून दाखवा.”

मी चाललो.

“कवायत नको, सर! घरी चालता तसं.”

मी पुन्हा चाललो. नजर वर ठेवायची म्हटलं तरी ती शिवण शोधत होती. टोकाला पोचेपर्यंत पुढचा माणूस आत आला आणि मॅडम त्याच्यासाठी पाणी ओतू लागल्या. मी चपला घातल्या आणि निघालो.

आता मॅडम दुसऱ्या राज्यात शिकवतात. इंजिनिअर भेटला होता. म्हणाला, नव्या विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी मॅडम सांगतात, “माझ्या चुकीने एका बाईचं बोट गेलं.” ते ऐकल्यापासून मला स्वस्थता नाही.

मॅडम, नजर खाली होती ती माझ्या सांगण्यावरून. प्लेट मी दाखवली, पाय सरळ टाकायलाही मीच सांगितलं, आणि तुम्ही चूक स्वतःवर घेतली तेव्हा मी शेजारी बसून होतो. मला माफ करा.