शेरूला कोण विचारणार

डॉक्टरांनी पोट चाचपलं, तेव्हा आमच्या म्हाताऱ्या शेरूने सवयीने पंजा पुढे केला. त्यांनी तो हातात घेतला.

"गाठ मोठी आहे. ऑपरेशन करता येईल, पण या वयात भुलीतून उठेलच असं नाही."

"आणि नाही केलं तर?" आईने विचारलं.

ते शेरूचा पंजा थोपटत राहिले.

माणसाला विचारता तरी येतं, सोसवेल का म्हणून. इथे दुखणं त्याचं आणि निर्णय आमचा. त्याने आजवर आमचं सगळं ऐकलं होतं. हेही मुकाट ऐकणार होता.

"नको चिरफाड. घरी नेऊ याला," आई अखेर म्हणाली.

घरी हा शब्द ऐकताच शेरू धडपडत उठला आणि शेपूट हलवू लागला. आम्हा दोघींना त्याच्याकडे बघवेना.