मामेभावाचा दुसरा पेपर

तापीच्या दोन्ही काठांवर, अगदी अमळनेरपासून यावलपर्यंत शोधलं, तरी माझ्या मामेभावाइतका हुशार आणि आपल्या हुशारीचा इतका कमी उपयोग करून घेणारा माणूस दुसरा सापडायचा नाही. हे मी रागाने म्हणत नाही. राग मला त्याचा पुष्कळदा आला, पण तो कधी टिकला नाही. मी तावातावाने बोलायला लागले, की तो हातातलं पुस्तक बाजूला ठेवून इतकं मन लावून ऐकायचा, आणि मध्येच "अक्का, तू चिडल्यावर तुझा आवाज थेट आत्यासारखा लागतो" असं काहीतरी म्हणायचा, की मला माझी आई आठवायची आणि पुढचं बोलणं राहूनच जायचं. राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेची तयारी करायला तो अमळनेरजवळच्या आपल्या गावाहून जळगावला आमच्याकडे राहायला आला, तेव्हा माझी मुलगी नुकतीच शिकायला बाहेरगावी गेली होती. तिची खोली रिकामी होती आणि मी हायस्कुलात गणित शिकवत होते. मामांनी सरळ गणित मांडलं होतं: खोली आहे, गणिताची बाई घरातच आहे, मग पोरगा पास व्हायला उरलं काय?

उरला होता तो दुसरा पेपर. या परीक्षेचा पहिला पेपर इतिहास, भूगोल, राज्यघटना वगैरेंचा असतो, आणि त्यात माझा मामेभाऊ वाघ होता. दुसरा असतो तो सी-सॅट. त्यात उतारे वाचून उत्तरं द्यायची, थोडी गणितं, थोडी तर्काची कोडी. गंमत अशी, की हा पेपर नुसता पात्रतेचा असतो. शंभरातले तेहेतीस मिळवले की सुटलात, ते गुण पुढे कुठे धरतसुद्धा नाहीत. मात्र तेवढे मिळाले नाहीत, तर पहिला पेपर कितीही झकास गेलेला असो, त्याला कुणी विचारत नाही. म्हणजे तो नुसता उंबरठा. बाकीची पोरं तो ओलांडून आत जायची आणि आमचे बंधुराज त्यावर बसून राहायचे. दोनदा असं बसून झालं होतं. तिसऱ्यांदा पाठवताना मामांनी बजावलं होतं, की ही शेवटची खेप. या वेळी जमलं नाही तर गावातल्या आपल्या बी-बियाण्यांच्या दुकानात येऊन बसायचं, आणि परीक्षेचं नाव काढायचं नाही.

त्याला गणित येत नव्हतं असं कुणी समजू नये. बेरीज-वजाबाकीत तो माझ्या वर्गातल्या कुठल्याही पोराला हरवील. त्याची अडचण वेगळी होती. प्रश्नात माणूस दिसला, की तो त्या माणसाकडे राहायलाच जायचा. पहिल्याच आठवड्यात मी त्याला काळ-कामाचं एक साधं उदाहरण घातलं. अ आणि ब दोघे मिळून एक काम सुरू करतात, काही दिवसांनी अ काम सोडून जातो, तर उरलेलं काम ब किती दिवसांत संपवील? मी भाजी फोडणीला टाकून आले तरी हा पेन्सिल गालाला लावून बसलेला. गावच्या बोलीत मला म्हणाला, "अक्का, तो कसाले गया?" मी म्हटलं, "गेला. कशाला का जाईना, आपल्याला काय करायचंय?" त्यावर तो गंभीरपणे म्हणाला, "काम अर्धं टाकीसन कोणी जास का?" त्यांच्या गावात तशी रीतच आहे. शेजाऱ्याच्या कापूस वेचणीला गेलेल्या माणसाला मध्येच घरी परतावं लागलं, तर तो आपल्या जागी भावाला पाठवतो, भाऊ नसला तर बायकोला. काम उघडं टाकून कुणी जात नाही. म्हणून याने 'अ'च्या जागी त्याचा धाकटा भाऊ उभा केला. पोरगा नवखा, म्हणून त्याचा वेग जरा कमी धरला, आणि व्यवस्थित उत्तर काढलं. मी ते तपासलं. कुठेही चूक नव्हती. फक्त ते उत्तर दिलेल्या चार पर्यायांत नव्हतं.

नावेचं गणित आलं की तो तापीवर जायचा. नाव प्रवाहाविरुद्ध चालली आहे म्हणजे ऊन तोंडावर असणार, नावेतली माणसं गप्प असणार, पलीकडे कुणाचं तरी लग्न असणार, असं तो डोळे मिटून सांगत सुटायचा, आणि ऐकता ऐकता मलाही पाण्याचा वास यायला लागायचा. उताऱ्यांचं तर विचारूच नका. परीक्षेत उतारा भरभर वाचायचा असतो. हा तो चवीने वाचायचा, आवडलं ते वाक्य पुन्हा वाचायचा, आणि पटलं नाही तर लेखकाशी भांडायचा. एकदा मधमाश्यांवरचा उतारा दिला, तर तो उत्तरं न देताच उठून गेला. संध्याकाळी आमच्या ह्यांना तो कॉलनीच्या टोकाच्या निंबाखाली मान वर करून उभा असलेला सापडला. दुधापाशी उभं केलं तर दूध उतू जायचं, मेथी आणायला पाठवलं तर बाजारातून मेथीखेरीज बाकी सगळं घेऊन यायचा: केळीचे घड ट्रकमध्ये कसे रचतात, भरिताची वांगी विकणाऱ्या बाईचं माहेर चोपड्याकडे कुठे आहे, आणि तिची सून तिच्याशी का बोलत नाही. आमचे हे तसे कमी बोलणारे, पण मेथी नसलेल्या त्या जेवणांना ते जरा जास्तच वेळ बसायचे.

एवढं असून त्याला साहेब का व्हायचं होतं, असं मी एकदा विचारलं. तो म्हणाला, "अक्का, तालुक्याच्या कचेरीत माणूस सकाळची एसटी धरून येतो, दिवसभर बाकावर बसतो आणि तसाच परत जातो. तू कुठून आलास, पाणी प्यायलास का, हे विचारणारं तिथे कुणीतरी पाहिजे ना?" त्याच्या तोंडावर त्या वेळी जे होतं ते पाहून मला चेष्टा सुचली नाही. या पोराला ती खुर्ची मिळायलाच हवी, असं मला त्या दिवशी मनापासून वाटलं, आणि मी दुसऱ्या दिवसापासून त्याला जास्तच छळायला लागले.

परीक्षेचं केंद्र धुळ्याला आलं होतं. आधीच्या खेपेला तो एसटीत खिडकीबाहेर बघत धुळ्याच्या पुढे निघून गेला होता आणि धावतपळत कसाबसा वेळेवर परतला होता, म्हणून या वेळी मी सोबत गेले. दुपारचा पेपर संपला. बाकीची पोरं हिरमुसल्या तोंडाने उत्तरं ताडून पाहत बाहेर येत होती, आणि हा सगळ्यांच्या मागून, जत्रेतून आल्यासारखा हसत आला. "अक्का, पेपर फार सुंदर होता," म्हणाला. किती सोडवलेस म्हटल्यावर म्हणाला, की पहिल्यापासून क्रमाने घेतले, एकही वगळला नाही, पण जेमतेम तिसाव्यावर आलो आणि घंटा झाली. ऐंशी प्रश्न असतात. अवघड वाटेल तो सोडून पुढे जायचं, हे मी त्याला वर्षभर ओरडून सांगितलं होतं. तो मान डोलवायचा आणि एकही सोडायचा नाही.

निकाल लागला. अगदी थोडक्यात गेलं. ठरल्याप्रमाणे मामा त्याला न्यायला आले. मामा तसे कडक. गावात सगळे त्यांना आबा म्हणतात, आणि ते दुकानात असले की गिऱ्हाईकसुद्धा हळू बोलतं. पोराने गुपचूप पेटी भरली. मी मामांना म्हटलं, "अजून एक वर्ष द्या." ते म्हणाले, "नही माय. बोल ठरेल शे." मला काय सुचलं कोण जाणे, मी सरावाचा एक पेपर त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, "निदान पोरगा कशाशी झुंजत होता ते तरी बघा." मामांनी चष्मा लावला. आठ माणसं गोल टेबलाभोवती बसली आहेत, क हा 'ख'च्या शेजारी बसत नाही, ग हा क आणि ख यांच्या मध्ये आहे, असलं ते कोडं होतं. मामांनी ते वाचलं, पुन्हा वाचलं. चहा आला आणि गार झाला. मग ते हळूच म्हणाले, "ह्या दोन्ही शेजारे शेजारे कसाले नही बसतस? भांडण शे का यास्मा?"

पेटी घेऊन उभा असलेला माझा मामेभाऊ म्हणाला, "जमीनवरतीन व्हई, आबा."

"मंग ह्या 'ग'ले मझार कसाले बसाडं?"

"तो समजूत काढाले बसेल व्हई."

बापलेक ओट्यावर बसले. दुपारच्या उन्हात अंगणातला पारिजात झोपल्यासारखा उभा होता आणि हे दोघे त्या आठ माणसांची नाती जुळवत होते. कुणाची सोयरीक कुठे, वाटणी कधी झाली, कोण कुणाच्या लग्नाला गेला नाही. मी पुन्हा चहा केला. मामांची अमळनेरची बस केव्हाच गेली. हे पोर असं कुणावर गेलंय, हे कोडं मला त्या दुपारी सुटलं. शेवटी मामांनी चष्मा काढला, पेपरातल्या त्या आठ जणांवर बोट ठेवून, पोराकडे न बघता मला म्हणाले, "बसू दे त्याले आखो एक साल. यास्नं काय व्हयनं ते तरी समजाले जोयजे."

एक साल मिळालं, पण त्याचं करायचं काय हे मला कळत नव्हतं. ते कळलं त्यांच्या गावात, एका लग्नाला गेलो तेव्हा. फाट्यावर उतरून मांडवापर्यंत चालायचं अंतर ते किती? पण माझा मामेभाऊ प्रत्येक दाराशी थांबायचा. रामराम व्हायचा, मग बसणं व्हायचं, पाणी, चहा, म्हशीची चौकशी, आणि मग पुढचं दार. एकही दार तसंच ओलांडून जायला तो तयार नव्हता. माणसाला काय वाटेल? आम्ही पोचलो तेव्हा लग्न लागून गेलं होतं आणि पंगती उठत होत्या. मी भर गल्लीत त्याच्यावर ओरडले, "अरे, सगळ्यांकडे बसायलाच पाहिजे का? थोड्यांकडे नीट बस, बाकीच्यांना दारावरून रामराम कर आणि चालू लाग!" आणि ओरडता ओरडता मीच थांबले. तोही थांबला. माझ्याकडे बघत, अगदी खालच्या आवाजात त्याने विचारलं, "दारवरतीन चालस, अक्का?"

"चालतं," मी म्हटलं. "परीक्षेतसुद्धा चालतं. तेहेतीसच गुण पाहिजेत. सगळ्या ऐंशी घरी जेवायला कुणी बोलावलंय तुला?"

त्या वर्षी मी त्याला एकही नवं गणित शिकवलं नाही. दारावरून रामराम करायला शिकवलं. पेपर आला की सगळे प्रश्न एकदा वाचायचे, ज्याच्याकडे बसावंसं वाटेल तिथे खूण करायची, आणि बाकीच्यांची मनातल्या मनात माफी मागून पुढे व्हायचं. ते त्याला फार जड गेलं. कधी कधी सोडून दिलेल्या प्रश्नातल्या माणसाचं काय झालं असेल, हे तो जेवताना विचारायचा आणि मी भाकरी वाढता वाढता काहीतरी सांगायचे. पण आता ज्या घरी तो बसला, तिथून चुकीचं उत्तर घेऊन कधी उठला नाही. धुळ्याच्या त्या वर्षीच्या पेपरात तो निम्म्याहून कमी प्रश्नांकडे बसला आणि पास झाला. फार वर गेला नाही, उंबरठा ओलांडण्यापुरता. निकाल बघून मी रडले, आणि तो माझ्या शेजारी बसून विचारत होता, "अक्का, बाकीच्यांना वाईट नसेल ना वाटलं?"

मुख्य परीक्षेच्या तयारीला आता तो नाशिकला असतो. खोली पुन्हा रिकामी झाली. मेथी आता वेळेवर येते, दूध उतू जात नाही, आमचे हे जेवून लगेच उठतात. मी वर्गात काळ-कामाची उदाहरणं घालते, त्यातली माणसं काम सोडून जातात, पोरं खाली मान घालून उत्तर काढतात, आणि मला फार चुकल्याचुकल्यासारखं होतं.

दुकानाचा माल घ्यायला मामा अधूनमधून जळगावला येतात. पूर्वी बाजारातून परस्पर परत जायचे, आता बसची वेळ होईपर्यंत आमच्या ओट्यावर टेकतात. मागच्या खेपेला चहा घेऊन झाल्यावर म्हणाले, "त्याना फोन उंथा का?"

"काल आला होता," मी म्हटलं. "अभ्यासाचं काही बोललाच नाही. तुमचा गुडघा कसा आहे विचारत होता. आबा दुकानातून उन्हाचे चालत घरी येतात का, म्हणाला."

मामा दुकानातल्या करड्या आवाजात म्हणाले, "त्याले सांग, अभ्यास कर म्हना. गुडघाले काय व्हयनं?"

मी बरं म्हटलं. त्यांची पिशवी दाराशी होती, बसची वेळ झाली होती. ते उठले, पिशवी उचलली आणि पायरीवर उभे राहिले. पाठमोरेच होते.

"आखो काय ईचारं त्यानी?" त्यांनी विचारलं.

मी त्यांच्या हातातली पिशवी काढून घेतली, त्यांना पुन्हा बसवलं, आणि आठवेल तेवढं सगळं सांगायला लागले.