झऱ्यावरच्या लाल फुल्या

ब्योर्कनेसच्या शाळेत सत्तावीस वर्षं पोरांना रांधून वाढलं, तरी गुनवोरला गाव ओळखायचं ते लाल फुल्यांची बाई म्हणून. डिसेंबरात दलदल गोठली की बर्फावर धावणाऱ्या स्नोमोबाइल गाड्यांची वाट ती आखायची. ती पुढे चालत जागा दाखवणार आणि शेजारचा हिल्डिंग मागून बर्फात भोक पाडून लाल फुलीचा खांब रोवणार, हा एकतीस वर्षांचा शिरस्ता. दलदलीत झरा कुठे, बर्फ फसवा कुठे, हे तिला घरातल्या डब्या-बरण्यांसारखं पाठ होतं.

यंदा फुल्या लावून झाल्या आणि गुडघ्यानं तिला उरलेला हिवाळाभर घरात बसवलं. मार्चात ऊन तापू लागलं तेव्हा एका सकाळी ती कॉफीचा थर्मास घेऊन एकटीच डोंगरावर निघाली. यंत्रांनी दाबून दाबून वाट टणक झाली होती. वाट सोडली की मात्र मांडीभर बर्फ. खुरट्या पाइनमधून फुल्यांमागून फुल्या बघत ती मजेत चालली होती.

दलदलीच्या मध्यावर बर्फ करडा दिसला. ‘हे काय?’ म्हणेपर्यंत डावा पाय गुडघ्याएवढा पाण्यात. तिनं अंग मागे झोकून दिलं, म्हणून वाचली. चार हातांवर काळं पाणी बुडबुडत होतं. झरा! आणि फुल्या थेट त्याच्यावरून गेलेल्या.

“कुणी हलवल्या?” ती मोठ्यानं म्हणाली. झऱ्याला वळसा घालूनच वाट जाते, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल.

घरापेक्षा डोंगरमाथ्यावरची झोपडी जवळ होती. रांगत, चाचपत तिनं झरा चुकवला आणि चढ धरला. वर चूल पेटवून मोजा वाळत घातला, पिशवीतला कोरडा चढवला आणि दुर्बीण डोळ्याला लावली. खाली सगळी दलदल पांढऱ्या ताटासारखी पसरलेली. त्यात फुल्यांची रांग, पट्टीनं ओढावी तशी सरळ. आणि झऱ्यापाशी एक माणूस खांब उपटत होता.

“सापडला चोर!” तिनं दुर्बीण फिरवली. पिवळी टोपी, वाकलेली पाठ. हिल्डिंग.

हिल्डिंग? रूने, तिचा नवरा, गेला तेव्हा महिनाभर तिच्या दारातला बर्फ न सांगता उपसणारा हिल्डिंग?

ओला बूट तसाच चढवून ती खाली आली. त्याला गाठेपर्यंत श्वास उरला नव्हता.

“लाज नाही वाटत? माणसं मारायचीत का तुला?”

हिल्डिंग दचकला. मग तिच्या ओल्या पायाकडे बघून त्याचा चेहरा पडला. “तू आज येशील असं वाटलं नव्हतं गं. काल आमची पोरगी अन्नेली या झऱ्यात जाता जाता वाचली. म्हटलं, तुझ्या कानावर जायच्या आत खांब गुपचूप सरकवून टाकावेत.”

“माझ्या कानावर कशाला नको? लावले कुणी इथे?”

तो हातमोजे काढत राहिला.

“तोंड उघड की, म्हाताऱ्या!”

“तूच लावलेस, गुनवोर. डिसेंबरात.”

“काहीतरीच!”

“मी विचारलं तुला, झऱ्याला वळसा नको का? तू म्हणालीस, कुठला झरा? मी हसलो. वाटलं, माझी थट्टा करतेयस. एकतीस वर्षं तू दाखवशील तिथे भोक पाडतोय, मी कशाला हुज्जत घालू? आणि त्या थंडीत इथंही बर्फ घट्ट होता.”

तिनं तो दिवस आठवून पाहिला. वारा आठवला. सुक्या मांसाचा तुकडा दातात अडकला होता, तेही आठवलं. ‘कुठला झरा?’ हे मात्र कुठेच सापडेना. ती मटकन बर्फात बसली.

“अन्नेलीला लागलं का?” तिनं विचारलं.

“कंबरेपर्यंत भिजली. शिव्या देतेय, म्हणजे ठीक आहे.”

हिल्डिंगनं खांब उचलला. “चल, दाखव. कुठे रोवू?”

तिचा हात वर उठला आणि अर्ध्यातच थांबला. “आधी काठीनं ठोकून बघ,” ती म्हणाली. “माझ्या सांगण्यावर जाऊ नकोस.” त्यानं दर चार पावलांवर काठी आपटली. ती नुसते खांब हातात देत गेली.

घरी येऊन तिनं पहिला फोन अन्नेलीला केला, माफी मागायला. दुसरा उमिओ शहरात राहणाऱ्या आपल्या लेकीला. मे महिन्यात डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, तेव्हा लेक रडली. गुनवोरनं नाव दोनदा विचारून वहीत लिहून घेतलं.

पुढच्या डिसेंबरात जागा दाखवायला अन्नेली पुढे चालली. गुनवोर फुल्या घेऊन स्नोमोबाइलच्या मागच्या घसरगाडीवर बसली होती. झऱ्याजवळ अन्नेली वळली तशी गुनवोरनं हिल्डिंगची बाही ओढली.

“‘कुठला झरा’ म्हणताना मी तेव्हा कशी बोलले रे? अडखळत, की अगदी नेहमीसारखी?”

“नेहमीसारखी,” हिल्डिंग म्हणाला.

तिनं पुढची फुली त्याच्या हातात दिली.