पळसदेवच्या पाण्यात मॅन्युअल मोड

“पण निळं का नाही दिसत?” पाटणकर साहेबांनी विचारलं.

मी नुकताच पाण्यातून वर आलो होतो. अंगावरचा सूट निथळत होता. माझी बायको नसीम लॅपटॉप धरून बसली होती आणि साहेब त्यात डोकावत होते. स्क्रीनवर हिरवट साय आणि तिच्यावर पांढरे ठिपके. मीठ सांडल्यासारखे.

“साहेब, हे उजनीचं बॅकवॉटर आहे,” मी म्हणालो. “इथं पाणी हिरवंच असतं.”

“कॅमेरा तर चांगला दिसतोय तुमचा.”

“कॅमेरा चांगलाच आहे. तुम्ही ऑटोवर ठेवायला सांगितलं होतं.”

साहेबांनी खरंच तसं सांगितलं होतं. सकाळी पळसदेवच्या काठावर आल्याआल्या त्यांनी मला फोटोग्राफी शिकवली होती. हल्लीचे कॅमेरे माणसापेक्षा हुशार असतात, आपण मध्ये हात घालू नये, सगळं ऑटोवर सोडावं, वेळ वाचतो. साहेब पुण्याच्या एका कन्सल्टंट कंपनीत होते. पाण्याखाली कधी उतरले नव्हते, पण त्यानं सल्ला द्यायला काही अडत नाही.

माझं घर भिगवणला. वडलांचा फोटो स्टुडिओ होता, तोच मी चालवत होतो. मोबाइल आले आणि गावात प्रत्येक जण फोटोग्राफर झाला. तेव्हा मी मालवणला जाऊन डायव्हिंग शिकलो आणि पाण्याखालच्या बांधकामांचे फोटो काढायला लागलो. पुलाचा खांब लग्नातल्या नवरदेवापेक्षा बरा. हसा म्हणावं लागत नाही.

त्या दिवशीचं काम जॅकवेलचं होतं. जॅकवेल म्हणजे पाण्यात बांधलेली गोल, उंच विहीर. वर मोटरघर असतं, खालून पाणी आत येतं आणि पंप ते गावांना पाठवतात. या जॅकवेलवर सात-आठ गावांचं पिण्याचं पाणी होतं. पाया ठीक आहे की नाही, याचे फोटो हवे होते.

फोटो मागण्याचं मूळ कारण होते धुळा तात्या. तात्या तिथले पंप ऑपरेटर. पूर्वी मेंढरं घेऊन कोकणापर्यंत फिरलेला माणूस, आता मोटरघरातच खाट टाकून राहायचा. वर्षभर ते प्रत्येक येणाऱ्याला एकच सांगत होते, “दोन मोटरी संगं लावल्या की पायाखालची फरशी गुदगुल्या करती.” प्रत्येक येणारा हसून चहा पिऊन जात होता.

“भिंत दिसतेय ना यात?” साहेबांनी साय निरखत विचारलं. “तडा तर कुठं नाही. मग झालं की.”

“साहेब, यात हत्ती उभा असता तरी दिसला नसता.”

साहेबांना ते आवडलं नाही. पण तात्या बाजूलाच उभे होते, ते शांतपणे म्हणाले, “पोराला आजून एकदा जाऊ द्या की. मोटरी बंदच हायत.”

“अर्धा तास,” साहेब म्हणाले. “गावांतून फोन येतायत.”

आता ऑटोनं काय घोळ घातला होता ते सांगतो. खाली अंधार. कॅमेऱ्याला वाटतं उजेड कमी आहे, म्हणून तो शटर जास्त वेळ उघडा ठेवतो. मी पाण्यात हलतो, फोटो हलतो. मग तो समोरून फ्लॅश मारतो. पाण्यात गाळाचे कण असतात, ते भिंतीच्या आधी चमकतात. ऊस वाहणाऱ्या ट्रॉलीमागं धुळीत गाडीचा हेडलाइट फुल केला की काय दिसतं? धूळच दिसते. आणि फोकस? तो समोर येईल त्या कणाला चिकटतो आणि मला कळवतो की काम फत्ते.

मी सगळं हातात घेतलं. शटर एकशेपंचविसावर, म्हणजे सेकंदाचा तेवढावा भाग. लेन्सचं छिद्र, ज्याला अॅपर्चर म्हणतात, ते आठवर. बारीक छिद्रानं जवळचं-लांबचं दोन्ही त्यातल्या त्यात स्पष्ट येतं. आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची भूक, चारशे. दोन्ही फ्लॅश लांब दांड्यांवर कॅमेऱ्यापासून दूर, बाहेरच्या बाजूला वळवलेले, म्हणजे समोरच्या गाळावर थेट उजेड पडणार नाही. फोकस हातभर अंतरावर बांधून टाकला. रंगासाठी पांढरी प्लास्टिकची पाटी घेतली. ती कॅमेऱ्यासमोर धरून, फ्लॅश मारून सांगायचं, बाबा, याला पांढरं म्हणतात. कॅमेऱ्याला पांढरंसुद्धा शिकवावं लागतं, इतका तो हुशार असतो.

सोबत एक बांबू घेतला, वीतवीत अंतरावर लाल टेप लावलेला.

तात्यांनी मोटरींचे फ्यूज काढले आणि बंडीच्या खिशात घातले. पाण्यात माणूस असताना पंप सुरू झाला तर तो आत ओढला जातो. नसीमनं माझ्या कमरेच्या दोरीचं दुसरं टोक घेतलं. एक झटका म्हणजे ठीक, चार म्हणजे वर ओढ.

तीन पुरुष पाणी होतं. पहिला फोटो काळा आला. फ्लॅशचा जोर वाढवला. दुसरा पांढराफटक. जोर थोडा उतरवला, तिसऱ्यात दगडाचा दगड दिसायला लागला. मग भिंतीला धरून हातभर-हातभर सरकत गेलो. एक बाजू ठीक. दुसरी ठीक. तिसऱ्या बाजूला, जिथून पंप पाणी ओढतात, तिथं तळाला टेकवायला हात खाली नेला तर हात भिंतीच्या खाली आत जातच राहिला. खांद्यापर्यंत गेला. पायाखालचा गाळ आणि मुरूम पंपांनी वर्षानुवर्षं ओढून नेला होता. त्या जागेच्या बरोबर वर तात्यांची खाट होती.

मला तिथून निघून जावंसं वाटलं. इतक्या वजनाखाली हात घालून थांबायची हौस कुणाला असते? पण साहेब काय म्हणणार हे मला ठाऊक होतं. म्हणून मी एकाच जागेचे तीन फोटो काढले. एक फक्त डाव्या फ्लॅशवर, एक फक्त उजव्या, आणि एक बांबू आत घालून. बांबूच्या सहा टेपा आत गेल्या.

इकडे वर काय झालं ते नसीमनं नंतर सांगितलं. साहेब तात्यांना म्हणाले, एक मोटर पाच मिनिटं लावा, गावांना जरा पाणी जाऊ द्या. तात्या म्हणाले, “फ्यूज सापडंना झालेत साहेब.”

“आत्ता तर तुमच्या हातात होते.”

“वय झालं आता.”

नसीमनं मला वर ओढलं. साहेबांनी फोटो पाहिले आणि अपेक्षेप्रमाणे म्हणाले, “ही सावली आहे.”

“सावली उजेडाबरोबर जागा बदलते,” मी दोन्ही फोटो शेजारी लावले. “ही बदलत नाही.”

साहेब तिसऱ्या फोटोकडे बघत राहिले. तात्या चष्मा वर करून वाकले. “सावलीत बांबू शिरतो व्हय?” त्यांनी विचारलं.

साहेबांच्या बॅगेत रिपोर्ट होता. ‘पाया सुस्थितीत’ असं त्यात सकाळीच टाइप झालेलं होतं. नसीमनं वाचलं होतं. फोटो फक्त चिकटवायचे बाकी होते.

“हे अजून कुणाला दाखवलेत का?” साहेबांनी हळूच विचारलं.

“पाणीपुरवठा समितीच्या अध्यक्षांना,” नसीम म्हणाली. “आत्ताच व्हॉट्सॲप केलं. निळी टिक बी आली.”

साहेबांनी रिपोर्ट दुरुस्त केला, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. पंप थांबले. गावांना टँकर सुरू झाले आणि टँकरच्या रांगेत लोकांनी मला शिव्या दिल्या. तात्यांची खाट काठावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेली. पाया भरायचं काम सुरू व्हायच्या आत एके सकाळी तात्यांचा फोन आला.

“माजी खाट हुती का, तितली फरशी गेली. भगदाड पडलंय.”

“तुम्ही कुठं होता?”

“भायेर. दात घासत हुतो.”

मग ते म्हणाले, चहाला ये.

पाया पुढं नीट भरला गेला, पंप पुन्हा सुरू झाले. साहेबांच्या कंपनीनं त्या कामाचं सादरीकरण कुठंतरी केलं, म्हणे ‘आमच्या तज्ज्ञ नजरेतून’. असेल.

मी मात्र तेव्हापासून काम घेताना क्लायंटला एकच विचारतो. फोटो बघायला हवाय की फाइलला लावायला? दोन्हीची सेटिंगं वेगळी असतात.