थोरलीचं अर्धं वर्ष

घरात एकच मुलगी उरली होती, तरी सगळे तिला धाकटीच म्हणत. थोरली जाऊन आठ वर्षं झाली होती. विद्यापीठात जाण्याआधी तिने कलाविद्यालयात फाउंडेशनचं, म्हणजे चित्रकलेच्या पायाभूत शिक्षणाचं, एक वर्ष घेतलं होतं. सहाव्या महिन्यात, वर्गात बसल्या बसल्या ती तापाने फणफणली आणि चार दिवसांत सगळं आटोपलं.

धाकटी अठराची झाली. वनस्पतिशास्त्राला प्रवेश मिळाला होता आणि विद्यापीठ तिची जागा वर्षभर राखून ठेवायला तयार होतं. शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंनी फाउंडेशनचा फॉर्म आणून दिला. तेच विद्यालय, तेच वर्ष.

फॉर्म आठवडाभर जेवणाच्या टेबलावर पडून राहिला. बाबा चष्म्याच्या काचा घासून द्यायचं काम करत. त्यांनी तो डोळ्यांजवळ धरून वाचला आणि होता तिथे ठेवला. "तुझं तू बघ," एवढंच म्हणाले. आई त्यावर पाणी सांडू नये म्हणून पेले लांब ठेवायची, पण वाचायची नाही.

धाकटीला वेगळंच काही खात होतं. ती चित्रं काढायला शिकली होती थोरलीच्या वह्या गिरवून. मग हे वर्ष मला हवंय, की तिचं राहिलेलं मी पुरं करतेय? विचारणार कुणाला?

मुलाखतीला ती गेली. पिकल्या केसांच्या प्राध्यापिकेने तिने काढलेलं एका हाताचं चित्र बराच वेळ पाहिलं.

"घरी आणखी कुणी चित्रं काढतं का?"

"नाही." ते खोटं नव्हतं.

"ही अंगठ्याची रेघ माझ्या ओळखीची आहे."

धाकटीने स्वतःच्याच चित्राकडे पुन्हा पाहिलं.

"तुझं स्वतःचं असं काय आहे यात?" प्राध्यापिकेने विचारलं, पण आवाज मऊ होता. "नसलं तरी चालेल. वर्ष त्यासाठीच असतं. सावकाश ठरव."

दुपारी ती घरी आली. थोरलीच्या बंद खोलीतून खरड खरड ऐकू येत होतं. हा आवाज कित्येक वर्षांचा. लहानपणी तो आला की ती रेडिओ मोठा करायची. त्या दिवशी तिने दार ढकललं.

आई जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बसली होती. ब्लेडने थोरलीच्या पेन्सिलींना टोक काढत होती. एकही पेन्सिल बोटाएवढी उरली नव्हती.

"आई, हे कुणासाठी?"

"बोथट पेन्सिल तिला चालत नसे."

"अगं, पण बोथट होतीलच कशा? कुणी वापरत नाही."

ब्लेड थांबलं. "होतात गं," आई म्हणाली. "दर सोमवारी बघते. झालेल्या असतात."

धाकटी खाली बसली. तिने त्या पेन्सिलींना कधी हात लावला नव्हता. आई म्हणाली, "तू जा. मी नाही म्हणणार नाही. फक्त तो सहावा महिना मला झेपायचा नाही."

धाकटीने फॉर्म भरला आणि थोरलीच्या वह्या बांधून माळ्यावर टाकल्या. सुरुवातीला तिची चित्रं म्हणजे कोंबडीने कागदावरून केलेली पळापळ. ती चिडायची, फाडायची, पुन्हा बसायची.

सहाव्या महिन्यात तो दिवस आला तेव्हा आई डबा द्यायच्या निमित्ताने विद्यालयात आली आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसूनच राहिली. प्राध्यापिकेने काही न विचारता तिच्यासाठी वर्गात खुर्ची मांडली. धाकटीने दिवसभर आईचं चित्र काढलं. मधूनच आई उठून तिच्या कपाळाला हात लावून बघायची आणि पुन्हा जागेवर जाऊन बसायची.

संध्याकाळी आईने चित्र पाहिलं. "नाक वाकडं झालंय गं."

"असू दे."

दोघी चालत घरी आल्या. दुसऱ्या दिवशी आई आली नाही.

वर्षअखेरीच्या प्रदर्शनात बाबा प्रत्येक चित्रासमोर थांबत गेले. शेवटी चष्मा पुसत म्हणाले, "छान आहेत. दोघींचीही."

भिंतीवर थोरलीचं एकही चित्र नव्हतं. धाकटीने त्यांना ते सांगितलं नाही. पुढच्या महिन्यात ती वनस्पतिशास्त्राच्या वर्गात जाऊन बसली.