बर्फ येईपर्यंत

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बी.ए. झालो तेव्हा बाबांनी आळीत पेढे वाटले नाहीत, मरळ मासळी वाटली. प्रत्येक घरी एकेक तुकडा, पळसाच्या पानावर. हे मी मान वर करून सांगतो. पुढचं तसं सांगता येत नाही, तरी सांगतो.

आमचं गाव मूलजवळ. तलावावर जगणारी वीस-पंचवीस घरं. वैशाखात पाणी उतरलं की मोठं जाळं पडतं. जाळ्याला दोन दोर, आणि दोराला दर घरातला एक माणूस. प्रत्येक घराची जागा ठरलेली. आमची डाव्या दोरावर तिसरी, डोहाच्या अंगाची, आजोबांपासूनची. जागेवर माणूस आला नाही तर शेजारचं घर सरकून ती भरतं, आणि एकदा सरकलेलं घर मागं हटत नाही. बाया पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, मासे निवडतात. दोराला कधी लागत नाहीत.

त्या वर्षी बाबा सांडव्यावर घसरले होते. उजवा खांदा वाकडाच बसला. हात छातीच्या वर जात नव्हता. जाळ्याचा कारभार पाहणारा म्हातारा आदल्या संध्याकाळी दारात आला, तसा तो दरवर्षी येतो. "उद्या जाळं हाय. पोट्ट्याले पाठवजो."

"येईन," मी आतूनच म्हणालो.

सकाळी सातला दारात हॉर्न वाजला. कॉलेजातले दोघं. एक आपल्या भाऊजींची जुनी व्हॅन घेऊन आलेला, दुसरा आमच्यातला जाड्या, कंत्राटावर मास्तर झालेला.

"चाल बे, मूलले चहा घेऊन येऊ. अर्ध्या घंट्यात वापस."

"काही काम तं नाई न घरी?" जाड्यानं विचारलं.

"नाई," मी म्हणालो.

या दोघांना मी कधी सांगितलंच नव्हतं की आमच्या घरी जाळं ओढतात. बाबा शेती करतात एवढंच सांगितलं होतं. कॉलेजात तीन वर्षं मी अंगाला माशाचा वास येऊ नये म्हणून जपलो. कोणी काही म्हणालं नव्हतं. मीच म्हणून घेत होतो.

मूलच्या टपरीवर चहा घेताना मला समोर बर्फाचा टेम्पो दिसला. व्यापाऱ्याचा, दरवर्षी आमच्या तलावावर येणारा. मागचं चाक काढून ठेवलेलं, ड्रायव्हर सावलीत दुपट्टा तोंडावर घेऊन आडवा. मला केवढं हायसं वाटलं. वैशाखाच्या उन्हात बर्फ पाळीवर आल्याशिवाय आमच्याकडे जाळं पाण्यात जात नाही. मासा घंट्याभरात नरम पडतो. आम्हा तलावावरच्या लोकांना हे घड्याळापेक्षा पक्कं. म्हणजे दुपार झालीच. तोवर मी मोकळा.

"पोंभुर्ण्याले नाश्ता करू," जाड्या म्हणाला.

"चाल," म्हणणारा मीच होतो.

पोंभुर्ण्याला जाड्याच्या आवडीचं हॉटेल बंद होतं. कुलूप गंजलेलं, म्हणजे आजचं बंद नव्हे. जाड्याला राग आला. "माया शाळेतला एक मास्तर सांगते, मुलचेऱ्याकडं बंगाल्याच्या गावात मोहरीतला मासा भेटते. एकदा खाल्ला तं माणूस विसरत नाई म्हणते."

"तुले मासा खायाले सत्तर-ऐंशी किलोमीटर जायचं हाय?" मी विचारलं.

"तुले का समजते बे माशातलं!" असं तो मला म्हणाला. मी हसलो. मासा खायला निघालो होतो आणि आमचा मासा अजून पाण्यात होता, माझी वाट पाहत.

गोंडपिपरीच्या पुढं गाडी तापली. बोनेटमधून वाफ निघाली. आमच्याजवळचं पिण्याचं पाणी होतं नव्हतं ते तिला पाजलं आणि कोरड्या घशानं बसलो. आष्टीचा पूल ओलांडला तेव्हा अकरा वाजले होते. वैनगंगेत पाण्यापेक्षा वाळू जास्त. पुढं ट्रकांची रांग. लाल धुळीनं माखलेले, एकामागं एक, सगळे बंद. पुढं एक आडवा झाला होता. मागूनही ट्रक लागले आणि आम्ही मधेच अडकलो. सागाची पानं गळून गेलेली, जंगलात सावली म्हणून नव्हती.

मोबाईल पाहिला. रेंज नाही. बर्फाचा टेम्पो आता दुरुस्त झाला असेल का, हे मी मनात मोजत होतो. चाक बसवायला अर्धा घंटा, गावापर्यंत अर्धा घंटा...

"एवढा काऊन घामेघूम होऊन राह्यला?" व्हॅनवाल्यानं विचारलं.

"उन्हानं."

तेव्हा सांगायला पाहिजे होतं. सांगून उपयोग नव्हता, गाडी हलतच नव्हती. पण सांगायला पाहिजे होतं.

साडेबाराला रांग सरकली. जाड्या म्हणाला, आता एवढं आलोच तर जाऊ. मी ओरडलो, "वापस फिरव!" दोघं माझ्या तोंडाकडं पाहत राहिले. कशीबशी गाडी फिरवली. आष्टीत रेंज आली आणि मोबाईल हातात थरथरायला लागला. घरचे सात कॉल. मी लावला तर कोणी उचलेना.

मग मी सांगितलं. जाळं, दोर, तिसरी जागा, बाबांचा खांदा.

व्हॅनवाल्यानं गाडीचा वेग वाढवला. मग म्हणाला, "अबे, सांगाले का झालं होतं? सकाळीच सोडून देल्लं असतं. आमी पण आलो असतो पाहाले."

जाड्यानं मान खिडकीकडं वळवली. तेच जास्त लागलं.

गोंडपिपरीच्या अलीकडं टायर पंक्चर. स्टेपनी काढली, तीही बसलेली. जाड्या एका दुचाकीवाल्याच्या मागं चाक मांडीवर घेऊन गेला आणि दीड घंट्यानं आला.

गावच्या पाळीवर उतरलो तेव्हा ऊन कलतं झालं होतं. जाळं पाळीवर वाळत पसरलेलं. लोक गेलेले. पाळीच्या पायऱ्यांवर आई बसली होती. लुगडं छातीपर्यंत ओलं, चिखलाचं. दोन्ही तळव्यांना चिंध्या बांधलेल्या. बाजूला आमचा वाटा, पळसाच्या पानांखाली. बाबा तिच्यापासून दूर, तलावाकडं पाठ करून बसले होते.

"बर्फ सिंदेवाहीवरून आला," बाबा म्हणाले. मान वळवली नाही. "नऊलाच."

मी आईजवळ गेलो. चिंधी सोडायला हात लावला तर तिनं हात मागं घेतला. "राहू दे. चिकटली हाय."

नंतर शेजारणीकडून कळलं. बाबा पाण्यात उतरायला निघाले होते. आईनं त्यांना पाळीवर बसवलं आणि स्वतः उतरली. शेजारचं घर सरकायच्या बेतात होतं. कोणीतरी म्हणालं, बाई दोराले लागत नसते. म्हातारा म्हणाला, "जागा भरली न? मंग ओढा."

आईनं त्या रात्री मला ताटात डोकं वाढलं, रोहूचं, घरातल्या कमावत्याला वाढतात तसं.

पुढच्या वर्षी मी आठ दिवस आधीपासून तयारीत होतो. तोवर नोकरी लागली होती, तिथं सुट्टी टाकली होती. आदल्या संध्याकाळी म्हातारा आला. मी ओसरीवरच बसलो होतो, मुद्दाम, दिसेल असा. तो माझ्यावरून आत पाहत म्हणाला, "बाई, उद्या जाळं हाय."

"येईन भाऊ," आई आतून म्हणाली.

"काका, मी हाय न यंदा," मी म्हणालो.

म्हातारा थांबला. रागानं नाही बोलला. "तू शिकला हाय, बापू. तुले काम लागते कधीबी. जागेले पक्का माणूस पायजे."

तो गेल्यावर बाबांनी बिडी पेटवली. मी त्यांच्याकडं पाहिलं, ते बिडीकडं पाहत होते.

थोड्या वेळानं आई बाहेर आली. "तुयी कॉलेजातली एखादी जुनी पँट हाय का रे? लुगडं पाण्यात लय जड होते."

मी पेटी उघडली आणि काढून दिली.